उरलेल्या सावरडो ब्रेडचं काय करायचं? शिळ्या भाकरीचं करतो तेच

आमच्या घरात शनिवारी सावरडो, म्हणजे पीठ नैसर्गिकपणे आंबवून केलेला आंबूस ब्रेड, भाजला जातो. भाच्यानं बेंगळुरूहून येताना काचेच्या बरणीत स्टार्टर, म्हणजे पीठ-पाणी आंबवून केलेलं ब्रेडचं विरजण, आणून दिला तेव्हापासून हे सुरू आहे आणि आता तो स्टार्टर आमच्या विरजणाच्या भांड्याशेजारीच असतो. पण लोफ मोठा, खाणारी माणसं चार, त्यात सकाळ-संध्याकाळ भाकरी लागतेच, म्हणजे मंगळवारी बघावं तर अर्धा लोफ तसाच आणि वरून दगडासारखा. सुरवातीला मी तो चहात बुडवून संपवायला बघायची, उरला तर गाईला. मनाला लागायचं हो, कारण रात्रभर आंबवून, चार-चार वेळा पीठ दुमडून केलेली गोष्ट आहे ती.

एक दिवस सासूबाई म्हणाल्या, "अगं शिळ्या भाकरीचं काय करतोय आम्ही? तसंच कर की ह्याचं." तिथून माझं गणित सुटलं. मी त्याला बेकरीतल्या मऊ पावाच्या मापानं मोजत होते. भाकरीच्या मापानं बघितलं की सगळं सोपं होतं: थोडं पाणी द्यायचं, थोडा वेळ द्यायचा, आणि आंबटपणा आधीच आत आहे हे विसरायचं नाही. आंबट आपल्याला काय नवीन नाही, आंबोळी खाणारी माणसं आपण.

आधी ब्रेड नीट बघा

कुठलीही रेसिपी करायच्या आधी ब्रेड उजेडात धरून सगळ्या बाजूंनी बघायचा आणि वास घ्यायचा. आंबूस, ताकासारखा वास असेल तर तो त्याचा स्वतःचाच आहे. पण हिरवा, काळा, पांढरा केसाळ ठिपका दिसला की अख्खा लोफ टाकायचा, तेवढाच भाग कापून बाकीचा वापरायचा नाही, कारण बुरशीचे तंतू मऊ सच्छिद्र ब्रेडमध्ये आत आत जातात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. सावरडोमधल्या आम्लांमुळं त्याला साध्या ब्रेडपेक्षा बुरशी उशिरा लागते हे खरं, पण आपल्याकडं जून ते सप्टेंबर, त्यातही बेळगावजवळच्या खानापूरच्या बाजूला, हवाच इतकी ओली असते की त्या भरवशावर राहू नका.

आणि फ्रीजमध्ये ठेवू नका! हे मी सगळ्यांना सांगते. ब्रेड शिळा होतो तो नुसता पाणी उडून होत नाही, भाजताना फुललेला स्टार्च परत घट्ट रचला जातो म्हणून तो कडक होतो, आणि फ्रीजच्या थंडीत हे सगळ्यात लवकर होतं. दोन दिवसांत संपणार असेल तर कापलेली बाजू पोळपाटावर पालथी टाकून वर सुती फडकं. नाहीतर ताजा असतानाच स्लाइस करून फ्रीजरमध्ये, तिथं मात्र तो महिनाभर छान राहतो. स्लाइस आधीच करायचे, हे महत्त्वाचं, नंतर कडक लोफवर सुरी घसरते आणि बोट कापतं.

एक-दोन दिवसांचा असेल तर काहीच करू नका, फक्त गरम करा. हात ओला करून क्रस्टवरून, म्हणजे बाहेरच्या कडक सालीवरून, फिरवायचा, जाड तव्यावर मंद आचेवर ठेवून वर झाकण, दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटं. उष्णतेनं तो घट्ट झालेला स्टार्च परत सैल होतो, पण गार झाला की पुन्हा कडक होणार, त्यामुळं ताटात घेऊनच बसायचं. वर लोणी आणि कारळ्याची चटणी लावून बघा एकदा.

तीन-चार दिवसांचा: कुस्करा

आमच्यात सगळ्यात जास्त होतो तो हा, आणि ह्यातच सुरवातीला माझी चूक झाली होती. चपातीच्या कुस्कऱ्याला घालतो तसं मी वरून लिंबू पिळलं, शिवाय ब्रेड ताकात भिजवला होता, इतकं आंबट झालं की पोरांनी पितळी तशीच सरकवली. आता ताक नाही, लिंबू नाही.

मोठे चार स्लाइस घ्या, साधारण २०० ग्रॅम. हातानं बोराएवढे तुकडे करायचे, मिक्सरला लावू नका, लगदा होतो. तुकडे परातीत पसरून ५-६ चमचे पाणी शिंपडायचं, मोठे पोह्याचे चमचे, आणि झाकून १५ मिनिटं ठेवायचं. पाणी एकदम ओतलं तर बाहेरचा भाग चिखल आणि आतला खडा राहतो, म्हणून शिंपडायचंच. तुकडा बोटात दाबला तर दबला पाहिजे पण पाणी सुटता कामा नये.

कढईत दोन चमचे तेल, मोहरी, जिरं, हिंग, भरपूर कढीपत्ता, मूठभर शेंगदाणे. शेंगदाणे तांबूस झाले की हिरवी मिरची आणि दोन कांदे बारीक चिरून, कांदा मऊ झाला की हळद, मग ब्रेड. मिठाचं मात्र जपून, ब्रेडमध्ये पिठाच्या साधारण २ टक्के मीठ असतंच, म्हणजे ह्या चार स्लाइसमध्ये अर्धा छोटा चमचा मीठ आधीच गेलेलं आहे, त्यामुळं मी फक्त कांद्यापुरतं चिमूटभर घालते. चिमूटभर साखर घालायची, ती आंबटपणाला सांभाळून घेते. झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटं वाफ, मग झाकण काढून आच मोठी करून दोन मिनिटं परतायचं म्हणजे कडा कुरकुरीत होतात. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, आणि खाताना मूठभर चिरमुरे टाकले तर सुसल्यासारखी, म्हणजे फोडणीच्या भिजवलेल्या चिरमुऱ्यांसारखी, मजा येते.

रश्श्यात

निपाणीपासून कोल्हापूर काय लांब नाही, त्यामुळं तिखट रस्सा आपल्या घरात होतोच. जाड क्रस्टचे तुकडे तव्यावर कोरडे कडकडीत भाजून वाटीच्या तळाशी ठेवायचे, वरून उकळता मिसळीचा कट नाहीतर मटकीचा रस्सा ओतायचा, दोन मिनिटं थांबायचं. साधा पाव रश्श्यात विरघळून जातो, ह्याचा क्रस्ट रस्सा पितो पण तुटत नाही, चावायला काहीतरी राहतं. बाहेरच्या देशातसुद्धा शिळ्या ब्रेडचं हेच करतात. चोर्ला घाट उतरलं की गोवा, तिथं पाव पोर्तुगीजांमुळं आला, आणि त्या पोर्तुगालमध्ये आसोर्दा म्हणून पदार्थ आहे, लसूण, कोथिंबीर, मीठ वाटून त्यावर ऑलिव्ह तेल आणि उकळतं पाणी, त्यात शिळ्या ब्रेडचे तुकडे आणि वर अंडं. मी आपली घरची लसूण-कोथिंबीर वापरून तेलाच्या जागी तूप घालून करते, पावसाळ्यात रात्री भूक कमी असली की एवढं पुरतं.

थालीपीठ

१५० ग्रॅम कडक ब्रेड पाण्यात २० मिनिटं बुडवा, घट्ट पिळून हातानं कुस्करा. त्यात एक वाटी जोंधळ्याचं पीठ, दोन चमचे बेसन, कांदा, कोथिंबीर, तीळ, ओवा, लाल तिखट. दही घालायचं नाही. भिजलेला ब्रेड चिकट असतो त्यामुळं नुसत्या जोंधळ्याचं थालीपीठ कडेला चिरतं तसं हे चिरत नाही, ज्यांना थापायला जमत नाही त्यांनी हेच करून बघावं. फक्त कुणाला गव्हाचा त्रास असेल तर त्यांना देऊ नका, आंबवला म्हणून गव्हातलं ग्लूटेन सगळं निघून जातं असा बऱ्याच जणांचा समज आहे, तो चुकीचा आहे.

एकदम खडखडीत झाला तर: चुरा आणि चटणी

आठवड्यानंतर जे तुकडे उरतात ते कडक उन्हात एक दिवस नाहीतर मंद ओव्हनमध्ये पूर्ण वाळवायचे, आत जरासुद्धा ओल नको. मिक्सरला थांबून थांबून फिरवायचं. हा चुरा कटलेटला, रव्याच्या जागी बांगड्याला लावायला, वांग्याच्या भाजीत कूट कमी पडलं तर रस घट्ट करायला, सगळीकडं चालतो.

पण माझा जीव चटणीत आहे. अर्धी वाटी शेंगदाणे भाजून घ्या, पाव वाटी सुकं खोबरं भाजा, ८-१० लसूण पाकळ्या कोरड्या होईपर्यंत परता, चार-पाच ब्याडगी मिरच्या रंगाला आणि एखादी संकेश्वरी तिखटाला, एक छोटा चमचा जिरं. सगळ्यात शेवटी, गॅस बारीक करून, एक वाटी चुरा, आणि तिथून हलायचं नाही कारण तो मिनिटात करपतो आणि करपलेला चुरा चटणीला कडू करतो. सगळं पूर्ण गार झाल्यावर मीठ घालून मिक्सर एक-एक सेकंदच फिरवा, जास्त फिरवला तर शेंगदाण्याला तेल सुटून गोळा होतो. चिंच घालायची गरज नाही, ब्रेडचा आंबटपणा पुरतो. कोरड्या बरणीत आठवडाभर राहते, भाकरीबरोबर दही आणि ही चटणी असली की मला भाजी लागत नाही.

गोड: मलिदा

ह्याला क्रस्ट काढून आतला भाग घ्यायचा, १५० ग्रॅम, हातानं रव्यासारखा मोकळा चोळून. तीन चमचे तुपात मंद आचेवर तांबूस होईपर्यंत सात-आठ मिनिटं परता, खमंग वास आला पाहिजे. आता गॅस बंद. मग ८०-१०० ग्रॅम किसलेला गूळ. गॅस चालू असताना गूळ घातला तर त्याचा पाक होतो आणि मलिदा गार झाल्यावर चिक्कीसारखा घट्ट बसतो, मोकळा राहत नाही. नुसत्या गरम चुऱ्याच्या उष्णतेनं गूळ जेवढा मऊ होईल तेवढाच पाहिजे. वर भाजलेली खसखस, सुकं खोबरं, वेलची, थोडं जायफळ. गुळाबरोबर ती आंबूस चव अशी काही जमते की आमच्याकडं आता चपातीचा मलिदा कमी आणि हाच जास्त मागतात.

ह्याची खीर करायला जाऊ नका एवढंच सांगते. उकळत्या दुधात आंबट ब्रेड पडला की दूध फाटू शकतं. दूधच पाहिजे असेल तर मलिदा वाटीत घेऊन वरून कोमट दूध घ्या आणि लगेच खा.

आणि इतकं सगळं करूनही मूठभर तुकडे राहिलेच तर पुढच्या लोफच्या पिठात घाला. जर्मनीत राईच्या ब्रेडला ही जुनी पद्धत आहे, जुना ब्रेड भिजवून, पिळून नव्या पिठात मळतात. अर्धा किलो पिठाला ५० ग्रॅम सुका ब्रेड, रात्री भिजवायचा, सकाळी घट्ट पिळायचा, आणि मळताना पाणी नेहमीपेक्षा थोडं हात राखून घालायचं कारण भिजलेल्या ब्रेडमध्ये पाणी असतंच. मी शुक्रवारी रात्री भिजत घालते.