सेकंड हँड बाईक घेतलीय आणि पावसाळा तोंडावर आलाय? मग आधी हे बघा

मे महिन्यात जुनी गाडी घेतली की पहिले आठ दिवस नुसतं पुसण्यात जातात, मी पण तेच केलेलं. सीट कव्हर टाकलं, रेडियम मारून घेतलं, आणि पहिल्याच वळवाच्या पावसात साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट उतरताना मागचा ब्रेक दाबतोय तर गाडी धरेचना. पडलो नाही, पण पाय घासत कशीबशी थांबवली, एक चप्पल गेली. नंतर खोलून बघितलं तर ब्रेकचे लायनर (ड्रमच्या आत घासणारं अस्तर) पार संपलेले. विकणारा म्हणालेला "कंडिशन एक नंबर". इंजिनचा आवाज खरंच एक नंबर होता, त्याबद्दल तक्रार नाही.

म्हणून सांगतो, पहिल्यांदाच जुनी गाडी घेतली असेल तर मृग लागायच्या आत, म्हणजे जूनचा पहिला आठवडा धरा, एक अख्खा रविवार काढा आणि सुरुवात टायरपासून करा, इंजिनपासून नाही. इंजिन बंद पडलं तर ढकलत घरी येता येतं, टायर सटकला तर तेवढं पण नाही.

टायरच्या खाचांमध्ये मध्येमध्ये बारीक उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर गेला समजायचं. पण खाचा दिसतायत म्हणून खूष होऊ नका, साइडला DOT या अक्षरांच्या पुढं शेवटी चार आकडी नंबर असतो तो वाचा. २३१९ असेल तर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातला टायर. कमी फिरलेल्या गाडीत हेच फसवतं, टायर नवा दिसतो पण रबर कडक झालेलं असतं आणि ओल्या डांबरावर कडक रबर धरत नाही. पाच-सहा वर्षांच्या पुढचा असेल तर बदलाच, साइडला बारीक भेगा असतील तर वर्ष पण बघू नका. हवा गाडीवरच्या स्टिकरवर दिलीय तेवढीच मारा, पावसात कमी हवा ठेवली की ग्रिप वाढते असं कुणीतरी सांगणारच, ऐकू नका.

मग ब्रेक. ड्रम असेल तर ब्रेक पूर्ण दाबून ड्रमवरचा बाण बघायचा, खुणेच्या बाहेर गेला असेल तर लायनर संपले, नुसता नट आवळून काही होत नाही. लायनर बदलायला चाक खोललंच आहे तर आतली धूळ पुसून घ्या आणि बेअरिंग पण हातानं फिरवून बघा, खरखर लागली तर तिथंच बदला, परत खोलायची कटकट नको. डिस्कला पॅड किती उरलेत ते बघा आणि ब्रेक ऑइल काळपट झालं असेल तर बदलून घ्या, ते हवेतला ओलावा ओढतं आणि लांबच्या उतारावर सारखा ब्रेक लागून तापलं की लिव्हर मऊ पडतो. दर दोन वर्षांनी बदलायचंच असतं, पण जुन्या गाडीचं शेवटचं कधी बदललं कुणाला माहीत, त्यामुळं एकदा बदलून टाका आणि तारीख लिहून ठेवा.

चेन रॉकेलनं किंवा डिझेलनं मऊ ब्रशनं धुवा, कोरडी करा, ९० नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूनं थेंब थेंब सोडा. इंजिन बंद ठेवून, चाक हातानं फिरवत, चालू गिअरमध्ये बोटं गेलेली लोकं आहेत. पावसाळ्यात हे दर आठ-दहा दिवसांनी करायला लागतं, विशेषतः ठोसेघर, बामणोलीकडं चिखलातनं जाणं-येणं असेल तर.

आता पाण्याचं. पाइपनं हलक्या धारेनं पाणी मारा (प्रेशरची गन जवळ धरून नाही, पाणी बेअरिंगमध्ये जातं) आणि लगेच गाडी चालू करून हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट सगळं बघा. फटफट करत मिसिंग करायला लागली तर प्लगची टोपी आणि वायर बघा, टोपी भेगाळली असेल तर नवी टाका, फार महाग नसते. बॅटरीची टर्मिनल घासून व्हॅसलीन लावा. एअर फिल्टर कागदी असेल तर धुवायचा नाही, बदलायचा, मी एकदा धुतलाय आणि नंतर गाडी ओढेचना. टाकीच्या झाकणाचं रबर फाटलं असेल तर पेट्रोलमध्ये पाणी उतरतं. कार्बोरेटरची गाडी असेल तर खालचा ड्रेन स्क्रू सैल करून बाटलीत थोडं पेट्रोल काढा, तळाला वेगळा थर दिसला तर ते पाणी. आणि इंजिन ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर गाडी चालू न करता सरळ मेस्त्रीकडं.

इन्शुरन्स स्वतःच्या नावावर आहे का ते पण बघा, गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत कंपनीला कळवायचं असतं.

हे झालं की डायरेक्ट कासला सुटू नका. पहिल्या रिमझिमीत गावातल्या गावात, पोवई नाका ते राजवाडा, हळू एक चक्कर मारा, सुरुवातीच्या पावसात रस्त्यावरचं ऑइल वर येतं आणि कोरड्यापेक्षा कितीतरी आधीच ब्रेक दाबावा लागतो, ते हाताला कळू दे. डबक्यातनं बाहेर आलात की ब्रेक दोन-तीनदा हलका दाबून वाळवायचे. पाणी सायलेन्सर बुडेल एवढं असेल तर घालूच नका, आणि मध्येच बंद पडली तर तिथं स्टार्टर मारत बसू नका, आधी ढकलत बाहेर काढा. घरी आल्यावर ओल्या गाडीवर कव्हर टाकू नका, आत वाफ कोंडते आणि गंज त्याच्यानंच लवकर धरतो.