ताम्हिणी, फोर-के आणि लुकलुकणारी ट्यूब

पावसाळ्यात बाईकवरून ताम्हिणीला गेलो, हेल्मेटवर नवाकोरा ॲक्शन कॅमेरा. एवढे पैसे मोजलेत तर सगळं वरचंच हवं, म्हणून फोर-के, सेकंदाला 60 फ्रेम. घरी येऊन बघतो तर क्लिपा मधेच तुटलेल्या आणि चहाच्या टपरीवरची ट्यूब सारखी लुकलुकतेय. वाटलं, पीसच खराब आलाय.

तुटण्याचं कारण निघालं कार्ड, जुन्या मोबाईलमधून काढलेलं. 100 एमबीपीएसला (सेकंदाला 100 मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट) कार्डावर सेकंदाला साडेबारा एमबी, म्हणजे मेगाबाइट, लिहावे लागतात, ते धापा टाकत होतं. व्ही30 (म्हणजे सेकंदाला किमान 30 एमबी लिहिणारं) छापलेलं घेतलं, कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलं, मिटलं.

लुकलुक मात्र दोन दिवस डोकं खात होती. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होते. 60 फ्रेमचा त्याच्याशी मेळ बसत नाही. मेनूत पार आत ‘अँटी-फ्लिकर’ सापडलं, 60 वर ठेवलेलं. 50 केलं, तसे फ्रेमचे पर्यायही 25 आणि 50 झाले. पुन्हा त्याच टपरीवर गेलो (चहासाठीच, खरं तर), ट्यूब शांत.

धुक्यात आता 25 ठेवतो, उजेड जास्त मिळतो. पण अंधार पडला की स्टॅबिलायझेशन (हादरे काढून चित्र स्थिर ठेवणारी सोय) फसवतं: चित्र हलत नाही, पण झाडाची पानं ओल्या फडक्याने पुसल्यासारखी. म्हणून संध्याकाळी कॅमेरा बॅगेत. फोर-के फक्त धबधब्यासमोर, बाकी सगळं त्याहून कमी बारकाव्याच्या 1080 वर. व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर तसाही त्याचा चोथाच होतो.