फॉर्म म्हणतो 'ईमेल अवैध', दोष एक्स्टेन्शनचा

लक्षण: व्यवसायाचा ईमेल काही सरकारी आणि विक्रेता-नोंदणीच्या फॉर्मवर 'अवैध' ठरायचा. ग्राहकही सवयीने नावापुढे डॉट कॉम टाइप करून भलतीकडेच जायचे. आमच्या डोमेनचं (वेबसाइटच्या नावाचं) एक्स्टेन्शन, म्हणजे शेवटच्या डॉटनंतरचा भाग, नवं, इंग्रजी सहा अक्षरांचं होतं. काही जुने फॉर्म तिथे दोन ते चारच अक्षरं मान्य करतात, हे फार उशिरा कळलं.

आधी एसपीएफ, डीकेआयएम (मेल खरंच आपल्या डोमेनवरून आल्याचं पटवणाऱ्या नोंदी) तपासलं, मेल होस्ट बदलला. दोन महिने वाया.

शेवटी हे केलं, याच क्रमाने. नावाचं डॉट कॉम मोकळं होतं (नशीब!), ते घेतलं. त्याच सर्व्हरवर जोडून एसएसएल (सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र) बसवलं. मग जुन्या प्रत्येक पानावरून नव्या त्याच पानावर ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे 'पान कायमचं हललं' सांगून आपोआप वळवणं. सगळं मुखपृष्ठावर ढकलू नका, मी आधी तेच केलं होतं. त्यानंतर गूगल सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन) दोन्ही डोमेन आपली असल्याचं पडताळून 'चेंज ऑफ अ‍ॅड्रेस', म्हणजे साइट हलल्याची सूचना, भरलं. हे रीडायरेक्टआधी केलं तर तपासणीत अडकतं. नवे मेलबॉक्स उघडून जुने पत्ते त्यांवर वळवले.

जुनं डोमेन मात्र सोडलेलं नाही. रीडायरेक्ट किमान १८० दिवस चालू ठेवावे लागतातच, आणि ते डोमेन दुसऱ्याने घेतलं तर आपल्या मेलही त्याच्याकडे जातील.