बिल्ड स्क्रिप्टमध्ये ‘कमांड नॉट फाउंड’ आलं तर काय करावं

पॅकेज बिल्ड होता होता मध्येच थांबतं आणि तळाशी ‘एरर 127’ उरते. तिथेच डोकं खाजवत बसू नका. लॉग वर सरकवून पहिली एरर शोधा; खालच्या बहुतेक एरर तिच्यामुळेच आलेल्या असतात.

आकडा मात्र कामाचा आहे. 127 म्हणजे शेलला (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामला) कमांड सापडली नाही. 126 म्हणजे सापडली, पण चालवता आली नाही. बहुधा फाइलला एक्झिक्यूटची परवानगी नसते.

आता टर्मिनलमध्ये ‘कमांड -व्ही’ आणि पुढे टूलचं नाव लिहा. (‘विच’ची सवय अनेकांना असते, पण छोट्या कंटेनरमध्ये कधीकधी तेच नसतं.) पत्ता छापला गेला, तर टूल आहे, फक्त बिल्डच्या ‘पाथ’मध्ये (शेल जिथे कमांड शोधतं त्या डिरेक्टरींच्या यादीत) ती डिरेक्टरी नाही. काहीच छापलं नाही, तर टूल बहुधा बसवलेलं नाही. आणि फाइल समोर असूनही ‘सापडली नाही’ असं येत असेल, तर तिची पहिली ओळ बघा: तिथे लिहिलेला इंटरप्रिटर (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) मशीनवर नसतो, किंवा ओळींचे शेवट विंडोज पद्धतीचे असतात.

टूल कुठल्या पॅकेजात येतं हे नावावरून ओळखायला जाऊ नका. ‘एमएसजीएफएमटी’ गेटटेक्स्टमध्ये असतं, मॅन्युअल तयार करणारं ‘मेकइन्फो’ टेक्सइन्फोमध्ये. लिनक्सच्या डेबियन आवृत्तीवर ‘एपीटी-फाइल सर्च’, फेडोरावर ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स’, आर्चवर ‘पॅकमन -एफ’ हे शोधून देतात.

सापडलेलं पॅकेज आपल्या मशीनवर बसवलं की बिल्ड पुढे सरकतं, आणि नेमके इथेच बरेच जण थांबतात. मग दुसऱ्याच्या मशीनवर तीच एरर येते. त्या पॅकेजचं नाव डेबियनमध्ये ‘बिल्ड-डिपेंड्स’, फेडोराच्या आरपीएम पॅकेजांच्या स्पेक फाइलमध्ये ‘बिल्डरिक्वायर्स’, आर्चच्या पीकेजीबिल्ड फाइलमध्ये ‘मेकडिपेंड्स’ इथे लिहा. नंतर ‘एसबिल्ड’ किंवा ‘मॉक’सारख्या साधनाने कोऱ्या वातावरणात बिल्ड करून बघा. यादीत विसरलेलं टूल तिथे लगेच उघडं पडतं.

काही वेळा ही एरर वेष पालटून येते. ‘कॉन्फिगर’ (बिल्डआधी मशीन तपासणारी स्क्रिप्ट) चालवताना ‘पीकेजी_चेक_मॉड्यूल्स’जवळ सिंटॅक्स एरर आली, तर स्क्रिप्टमध्ये चूक शोधण्यात वेळ घालवू नका. कॉन्फिगर तयार होताना पीकेजी-कॉन्फिग या लायब्ररी शोधणाऱ्या टूलचा मॅक्रो (नावाच्या जागी भरायचा तयार कोड) मिळालेला नसतो, त्यामुळे त्याचं नाव जसंच्या तसं स्क्रिप्टमध्ये राहतं. पीकेजी-कॉन्फिग बसवा आणि कॉन्फिगर नव्याने तयार करायला ‘ऑटोरीकॉन्फ -एफआय’ चालवा. नुसतं कॉन्फिगर पुन्हा चालवून उपयोग नाही.

एरर न येणं त्याहून वाईट. लॉग फाइलमध्येही जावा म्हणून आउटपुट पाइपने ‘टी’ कमांडकडे पाठवलं की शेलला ‘टी’चाच निकाल दिसतो आणि आधीची 127 गिळली जाते. म्हणून बॅश स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘सेट -ई’ आणि ‘सेट -ओ पाइपफेल’ लिहा. ओळीच्या शेवटी ‘|| ट्रू’ (म्हणजे ‘काही झालं तरी यशस्वी समज’) जोडून एरर दाबणं मला अजिबात पटत नाही: ‘मेकइन्फो’ नसलं तरी बिल्ड यशस्वी दिसतं आणि पॅकेजात मॅन्युअलच नसतं. मॅन्युअल नकोच असेल, तर कॉन्फिगरला तसा पर्याय आहे का ते ‘--हेल्प’मध्ये बघा आणि ते उघडपणे बंद करा.