या चुका टाळा: आधी ठिपके मांडा, मग सरासरी काढा

दहावीच्या सांख्यिकीत आयतालेख, वारंवारता बहुभुज, वृत्तालेख सगळं येतं, पण येतं ते मार्कांसाठी. त्यामुळे आलेख म्हणजे उत्तर आल्यावर वहीत काढायचं सुबक चित्र, हे डोक्यात पक्कं बसतं. पुढे प्रबंधात, ऑफिसच्या अहवालातही तोच क्रम: सरासरी, प्रमाणित विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत), सहसंबंध (दोन गोष्टी कितपत सोबतीने बदलतात याचं माप) आणि शेवटी जागा उरली तर आलेख. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच आहे.

१९७३ साली फ्रान्सिस अँस्कम या संख्याशास्त्रज्ञाने अकरा-अकरा जोड्यांचे चार संच मांडले. चारही संचांत एक्सची सरासरी ९, वायची ७.५, सहसंबंध ०.८२च्या आसपास, ठिपक्यांना सगळ्यात जवळून जाणारी रेषाही एकच: वाय = ३ + ०.५ एक्स. नुसते आकडे बघितले तर चारही संच एकसारखे. ठिपके मांडले की मात्र पहिल्यात ते रेषेभोवती विखुरलेले दिसतात, दुसऱ्यात चक्क कमान दिसते. तिसऱ्यात दहा ठिपके सरळ रेषेत आणि (१३, १२.७४) हा एकटाच वर गेलेला, बाकीच्यांची रेषा स्वतःकडे ओढणारा. चौथा संच मी दरवर्षी वर्गात दाखवते. त्यात दहा ठिपक्यांचा एक्स ८ आणि एकाचा १९. तो एक ठिपका बोटाने झाका: उरतो उभा खांब, ज्याचा सहसंबंध काढताच येत नाही. म्हणजे ते ०.८२ एकट्या नोंदीच्या जिवावर उभं होतं. हे सरासरी-सहसंबंधाची सूत्रं सांगत नाहीत, डोळा लगेच सांगतो.

असा दूर पडलेला ठिपका दिसला की लगेच खोडू नका. आधी मूळ नोंदवही काढा, दशांशचिन्ह सरकलंय का बघा. नोंद खरी असेल तर ती ठेवून आणि वगळून, दोन्ही उत्तरं द्या.

दुसरी चूक याहून गंभीर: जिथे काही बिघडलं तेवढ्याच नोंदी मांडणं. जानेवारी १९८६मध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री अभियंते थंडीत रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या टिकतील का, यावर चर्चा करत होते. समोर होती ती कड्यांना इजा झालेली आधीची उड्डाणं. त्यांत ५३ अंश फॅरनहाइटलाही इजा होती आणि ७५लाही, म्हणून तापमानाचा संबंध दिसेना. कड्या शाबूत राहिलेली उड्डाणं त्या चित्रात नव्हतीच. नंतर चौकशी आयोगाने सगळी उड्डाणं एकत्र मांडली, तेव्हा ६५ अंशांखालच्या चारही उड्डाणांत इजा दिसली आणि त्यावरच्या विसांपैकी फक्त तीनमध्ये. उड्डाणाच्या दिवशी हवा गोठणबिंदूच्या आसपास होती. कडी निकामी झाली, यान आकाशातच फुटलं आणि सात अंतराळवीर गेले. म्हणून आलेख काढताना स्वतःला विचारा, ‘काहीच झालं नाही’ अशा नोंदी कुठे आहेत? नापास मुलांच्या सवयी मांडताय, तर पास झालेल्यांच्याही मांडा.

स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासूनच हवा. महाराष्ट्राची साक्षरता २००१मध्ये ७६.८८ टक्के होती, २०११मध्ये ८२.३४. अक्ष ७५पासून सुरू केला तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या जवळजवळ चौपट उंच दिसतो, खरा फरक साडेपाच टक्क्यांच्या आतला. रेषालेखाला ही सक्ती नाही, कारण तिथे आपण उंची नव्हे, चढउतार वाचतो. वृत्तालेख एकाच पूर्णाचे भाग असतील तरच. ‘लागू असतील ते सर्व पर्याय निवडा’ अशा प्रश्नाला तो चालत नाही.

आता एक्सेलमधल्या नेहमीच्या अडचणी. एका विद्यार्थिनीने पावसाच्या नोंदींचा आलेख आणला, त्यात ऐन जुलैत रेषा तीन वेळा शून्यावर आलेली. त्या तीन घरांत तिने ‘१२० मिमी’ असं एककासकट लिहिलं होतं. घरात अक्षर आलं की एक्सेल तो मजकूर धरतो आणि आलेखात शून्य दाखवतो. ओळखायची खूण सोपी आहे: आकडा उजवीकडे असतो, मजकूर डावीकडे सरकतो. एकक वरच्या मथळ्यात लिहा. मोजणी झालीच नसेल तर घर रिकामं ठेवा, शून्य टाकू नका. पाऊस न पडणं आणि पाऊस न मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्षांचीच एक आडवी रेषा दोन हजारांच्या आसपास दिसत असेल तर एक्सेलने वर्षांचा स्तंभ माहिती समजून घेतलाय. ती मालिका काढून वर्षं अक्षाच्या लेबलात टाका. आणि नोंदींमधलं अंतर कमीजास्त असेल तर ‘लाइन’ऐवजी ‘स्कॅटर’ निवडा, नाहीतर दोन वर्षांचं आणि दहा वर्षांचं अंतर सारखंच दिसतं.

पावसावरून आठवलं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, कुलाब्याला अवघा ७४च्या आसपास. सरासरी ५०९ निघते, आणि तेवढा पाऊस या दोन्हींपैकी एकाही केंद्रावर पडला नव्हता. अशा ठिकाणी दोन ठिपके दाखवा, एक स्तंभ नको.

आयतालेखात वर्गांतरही बदलून बघा. गुणांचे वर्ग ३०–४० असे घेतले तर ३५वर साचलेला ढीग त्या एका स्तंभात गडप होतो. पाच-पाच गुणांचे वर्ग घ्या, मग एकेक गुणाचे. ढीग ३५वर असेल आणि ३३, ३४ जवळपास रिकामे असतील, तर ग्रेस गुणांची यादी मागवा.