एमबीएच्या मुलाखतीला निघताना पिशवीत काय हवं

कॉल लेटर, आधार, पेन, इस्त्रीचे कपडे हे सांगायला लेख लागत नाही. ‘सोबत आत्मविश्वास न्या’ असं सांगणारे व्हिडिओ तर बंदच करा. पुण्याच्या पोराचं काही घरी राहिलं तर बाप तासाभरात गाडीवर आणून देतो. आपल्या खानदेशातल्या शहाद्याच्या, चोपड्याच्या पोराला ती सोय नाही. दरवर्षी नात्यातल्या आणि गावातल्या पोरांच्या फाइली निघण्याआधी माझ्याकडे येतात, आणि अडतं ते नेहमी एकाच ठिकाणी. तिथे पोचण्याआधी सोपं सोपं उरकून घेऊ.

दहावीपासूनच्या सगळ्या मार्कशीट मूळ, आणि झेरॉक्सचे दोन संच, प्रत्येक पानावर स्वतःची सही. कॉल लेटरमध्ये मुद्दाम मागितलं नसेल तर राजपत्रित अधिकाऱ्याच्या शिक्क्यासाठी वणवण करू नका. फोटो फॉर्मवर लावलाय तोच. नोकरी केली असेल तर अनुभवपत्र आणि पगाराच्या स्लिपा. शेवटच्या वर्षाला असाल तर कॉलेजचं बोनाफाईड घ्याच, कारण मुलाखती फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होतात आणि शेवटच्या सेमिस्टरचा निकाल त्यानंतर लागतो.

आता अडतं ते. ओबीसीच्या राखीव जागेवर अर्ज केला असेल तर नॉन-क्रिमीलेयर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला. ‘आहे ना काका, लॅमिनेशन करून ठेवलंय’ असं पोरं सांगतात, आणि उघडून बघावं तर तो राज्याचा दाखला असतो. राज्याच्या सीईटीतून प्रवेश घेताना तो चालतो, फक्त त्याची मुदत पुढच्या वर्षाच्या 31 मार्चपर्यंत हवी. आयआयएमसारख्या केंद्राच्या संस्थेला मात्र केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो. आयआयएम नागपूर आणि आयआयएम मुंबई महाराष्ट्रात आहेत म्हणून राज्याचा कागद चालेल असं कुणी सांगितलं तर त्याचं ऐकू नका.

माझ्या पुतण्याच्या वेळी ह्या दाखल्याने आम्हाला रडवलं. अर्जात स्पष्ट लिहून दिलं तरी एका कार्यालयातून राज्याचाच दाखला पुन्हा छापून आला, आणि वर ‘हाच सगळीकडे चालतो’ हेही ऐकावं लागलं. तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे. सेतूत किंवा प्रांत ऑफिसला रिकाम्या हाताने जायचंच नाही. संस्थेच्या वेबसाइटवरचा कोरा नमुना छापून न्यायचा. राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या वेबसाइटवर केंद्राची महाराष्ट्रासाठीची यादी आहे, त्यातलं आपल्या जातीचं पान छापून, ओळीवर खूण करून सोबत जोडायचं. केंद्राच्या नमुन्यात जातीपुढे ठरावाचा क्रमांक आणि तारीख लागते आणि ती त्याच पानावर असते. ते पान टेबलावर ठेवलं की वाद संपतो. आपण राज्यात एनटी (भटक्या जमाती) किंवा व्हीजेमध्ये (विमुक्त जाती) असाल तर ही यादी आधी घरी बसून बघा. त्यातल्या बऱ्याच जाती केंद्रात ओबीसी म्हणून येतात, पण ‘बऱ्याच’ म्हणजे सगळ्या नव्हेत.

तारखेचीही गोम आहे. मुलाखत मार्चमध्ये आणि प्रवेश जूनमध्ये, म्हणजे मधे आर्थिक वर्ष बदलतं. दाखला कोणत्या तारखेनंतरचा हवा हे कॉल लेटरमध्ये शोधा. एप्रिलनंतरचा मागितला असेल तर मुलाखतीला जुना न्या, आणि नव्याचा अर्ज एप्रिल उजाडताच टाका. जूनमध्ये सेतूसमोर अख्खा तालुका उभा असतो.

आणि आडनाव! आपल्याकडे मार्कशीटवर ‘पाटील’ आणि आजोबांच्या दाखल्यावरून काढलेल्या जातीच्या प्रमाणपत्रावर ‘देवरे’ किंवा ‘बोरसे’ हे घरोघरी आहे. तपासणाऱ्या परप्रांतीय माणसाला ती दोन वेगळी माणसं वाटतात, आणि त्यात त्याची चूक नाही. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र फाइलमध्ये ठेवा. राजपत्रात नाव बदलल्याची नोंद असेल तर तीही जोडा. स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटशी ताडून बघा, आधारशी नव्हे.

फाइल साधी, कप्प्यांची. मूळ कागद लॅमिनेट करू नका, पंच तर मारूच नका. महाराष्ट्र एक्सप्रेसने रात्रभर जाणार असाल तर फाइल सीटखालच्या बॅगेत नाही, उशाशी. स्कॅन केलेल्या प्रती मोबाइलमध्ये आणि घरी भावाकडे. ब्लेझर हातात न्या. एप्रिलमध्ये जळगाव स्टेशनवरच तो अंगात घातला तर पुण्यात उतरेपर्यंत त्याचं पोतेरं होतं.

कागदाबाहेरची एकच गोष्ट सांगतो. फॉर्मवर जळगाव दिसलं की केळीवर प्रश्न येतोच. ‘आमची केळी प्रसिद्ध आहेत’ हे उत्तर नव्हे. 2016 मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते माहीत असू द्या. त्याहून कामाचं म्हणजे जाहीर झालेला भाव आणि व्यापारी बांधावर प्रत्यक्ष देतो तो भाव यांत फरक का पडतो, हे रावेर-यावलच्या एखाद्या शेतकऱ्याला विचारून जा. मालाची प्रत, गाडीची उपलब्धता, कापणी थांबवता न येणं: एमबीएच्या पॅनलला ह्यातच रस असतो. नंदुरबारकरांनी मिरचीची तयारी करावी, भुसावळकरांनी रेल्वेची.

पडताळणी झाली की टेबल सोडण्याआधी मूळ कागद मोजून घ्या. खासगी कॉलेजात कुणी ‘ओरिजिनल इथेच राहू द्या, सीट पक्की होईल’ म्हणालं तर देऊ नका. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायला यूजीसीने 2018 मध्येच मनाई केली आहे. झेरॉक्सचा दुसरा संच आणलाय तो ह्याचसाठी, तो द्या आणि पोच घ्या.