फिरतीवर असताना झटपट पण नीट जेवायचं कसं

माझी नोकरी फिरतीची आहे, पुणे, सातारा, कधी मुंबई, म्हणजे महिन्यातले वीसेक दिवस दुपारचं जेवण बाहेरच आणि तेही अर्ध्या तासात उरकायचं. डबा नेऊन बघितला पण सकाळी सहाला निघालं की दोनपर्यंत भाजी आंबते, उन्हाळ्यात तर नक्कीच. मग बरीच वर्षं वडापाव नाहीतर पॅटीस नाहीतर मॉलमधला बर्गर असंच चाललं, दुपारी तीनला डोळे मिटायला लागायचे आणि रात्री छातीत जळजळ. हळूहळू बघत बघत कळत गेलं कुठे बसायचं, काय मागायचं आणि कुठून न जेवता उठायचं, ते सगळं इथे लिहितेय कारण माझ्यासारखे रोज बाहेर जेवणारे खूप जण आहेत.

मेनूकार्ड नंतर मागा, आधी कढई बघा. चांगल्या तेलात भजी सोडली की मोठे बुडबुडे येतात आणि लगेच विरतात. तेच तेल दिवसेंदिवस वापरलेलं असेल तर वर बारीक फेस धरतो, झाऱ्याने बाजूला सारला तरी परत जमतो, कडेला काळा चिकट थर असतो आणि नीट तापायच्या आधीच धूर निघायला लागतो. टोटल पोलर कंपाउंड्स, म्हणजे तेल परत परत तापवल्याने त्यात तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल वापरायचं नाही असा नियम जुलै २०१८ पासून आहे, ते मोजायचं मीटर आपल्याकडे नसतं पण फेस आणि धूर तर दिसतो ना. एका ठिकाणी मी चार वर्षं वडे खाल्ले, एकदा रात्री दुकान बंद होताना तिथून जात होते तर त्यांनी काळं तेल गाळून परत डब्यात भरलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यातच नवीन तेलाची पिशवी ओतली. तेव्हापासून तळलेलं खायचंच असेल तर सकाळी पहिल्या घाण्याचं खाते, संध्याकाळचं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कपबशा कोण विसळतंय ते बघा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एका धाब्यावर टेबल पुसायला आलेला मुलगा जेमतेम अकरा-बारा वर्षांचा होता, बोटं साबणाच्या पाण्याने पांढरी पडून सुरकुतलेली. मी विचारलं बाळा कितवीत आहेस, तर तो माझ्याकडे न बघता गल्ल्यावरच्या माणसाकडे बघायला लागला. मी ऑर्डर रद्द केली, बाहेर येऊन १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या चाइल्डलाइनला, फोन केला. चौदा वर्षांखालच्या मुलाला असं हॉटेलात कामाला ठेवणं गुन्हा आहे, १०९८ चा फोन फुकट आहे आणि कधीही लागतो, तेवढं तरी प्रत्येकाने करावंच. जेवण कितीही स्वच्छ असलं तरी त्या पोराच्या हातून मी ते खाऊ शकत नाही.

आणि शक्य असेल तर एकदा तीन-साडेतीनला जाऊन बघा, गर्दी ओसरली की तिथली माणसं काय जेवतात. पोळ्या लाटणाऱ्या मावशी आणि वाढपी तिथलंच वरण-भात-उसळ घेऊन बसलेले दिसले तर मी त्या हॉटेलवर डोळे मिटून विश्वास ठेवते. स्वतःचा डबा वेगळा आणून खात असतील तर मावशींनाच हळूच विचारा आज काय चांगलं आहे, त्या खरं सांगतात.

आता मागायचं काय. राइस प्लेट मिळत असेल तर तीच घ्या, पण भाताऐवजी भाकरी देता का विचारा, बऱ्याच ठिकाणी देतात, आणि एक वाटी उसळ जास्तीची घ्या कारण पोट उसळीने टिकतं, नुसत्या पोळी-बटाट्याने चारलाच परत भूक लागते. मिसळ खायची तर कट वेगळा मागा, फरसाण अर्धं करा, मटकी जास्त घालायला सांगा, आणि दुसरा पाव घेऊच नका. उडप्याकडे इडली-सांबार, सांबार दोनदा मागितलं तरी कुणी वाकडं तोंड करत नाही. साबुदाण्याची खिचडी उपासाची म्हणून हलकी समजतात पण तो जवळजवळ सगळा स्टार्चच, वरून तूप, दाण्याचं कूट आहे तेवढंच काय ते. पंजाबी भाज्यांपासून मी लांबच राहते, कार्डावर साठ भाज्या असल्या तरी आत ग्रेव्ही तीनच असतात, लाल, पिवळी, पांढरी, आणि तिन्हीत तेल वर तरंगतं. पापड, लोणचं, फरसाण यातलं एकच घ्या, दिवसभरात मीठ पाच ग्रॅमच्या आत असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे एक चमचाभर, आणि ते या तीन गोष्टींत कधी संपतं कळतही नाही. कोल्ड्रिंकऐवजी ताक, साखर न घातलेलं.

पैसे कुणाच्या हातात जातात हेही बघावं असं मला वाटतं. पुण्यात हमाल पंचायतीची, म्हणजे हमालांच्या संघटनेची, कष्टाची भाकर आहे, बाबा आढावांनी १९७४ मध्ये सुरू केलेली, अंगमेहनत करणाऱ्यांना स्वस्तात पोटभर जेवण मिळावं म्हणून, ना नफा ना तोटा. भाकरी, पालेभाजी, वरण, हिरवी मिरची, बस, आणि वीस मिनिटांत माणूस जेवून बाहेर, याहून चांगलं फास्ट फूड मला माहीत नाही. मुंबईत गिरणी कामगारांना जेवण करून घालणाऱ्या खानावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात अडकलेल्या होत्या, त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तसेच आज गावोगावी बचत गटांचे स्टॉल आणि पोळीभाजी केंद्रं आहेत, तहसील, पंचायत समिती, कोर्ट अशा ठिकाणी जवळपास विचारलं की कुणीतरी दाखवतंच. शिवभोजन केंद्र जिथे चालू असेल तिथलीही थाळी साधी आणि ताजी असते, २६ जानेवारी २०२० ला योजना सुरू झाली तेव्हा दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात असं ठरलं होतं. पण ती मुळात गरजू लोकांसाठी आहे आणि थाळ्यांची संख्या ठरलेली असते, त्यामुळे परवडत असेल तर आपण तिथे रांग लावू नये, शेजारी पैसे देऊन जेवावं.

साखळी हॉटेलात जावंच लागलं, मीटिंगबिटिंग असते, तर दहा किंवा जास्त शाखा असलेल्यांनी मेनूवर कॅलरी लिहायच्या असा नियम जुलै २०२२ पासून लागू आहे, ते आकडे वाचा. मी वाचायला लागल्यापासून कॉम्बो घेणं बंद केलं, कारण फ्राइज आणि कोल्ड्रिंक मिळूनच मुख्य पदार्थाएवढं होतं. आणि कुठलंही हॉटेल असो, बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, १४ आकडी नंबर बघा. एकने सुरू होणारा म्हणजे लायसन्स, दोनने सुरू होणारा म्हणजे छोट्या धंद्याचं रजिस्ट्रेशन, म्हणजे गाडीवाल्याकडे दोनचा असला तरी तो बरोबरच आहे. शिळं निघालं, किडा निघाला तर फूड सेफ्टी कनेक्ट अ‍ॅपवर तक्रार टाकता येते, फोटो आणि बिल जपून ठेवा.

वर्तमानपत्रात बांधलेलं काही घेऊ नका. एकदा गरम भजी उलटी केली तर भज्यावर अक्षरं उमटलेली, वाचता येत होती. शाईतलं रसायन तेलाबरोबर पोटात जातं म्हणून पेपरात बांधून द्यायला बंदीच आहे. मी बॅगेत एक स्टीलचा चपटा डबा, चमचा आणि पाण्याची बाटली ठेवते, गाडीवाल्या दादांना डबा पुढे केला की ते खूष होतात, त्यांचा कागद वाचतो आणि दोन भजी जास्त पडतात. थाळीत भात नको असेल तर वाढायच्या आधी सांगा, ताटात आला की तो कचऱ्यातच जातो.

आणि काहीच धड मिळालं नाही, हायवेला सगळीकडे तोच काळा धूर, तर मी दोन केळी, मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि ताक यावर दुपार काढते. भाकरीच्या ठिकाणी मात्र दीडच्या आत पोचा, नंतर ज्वारीची संपते आणि फक्त चपाती उरते.